धर्मग्राम आणि आपले मंडळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत राइट टाउन, जबलपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमचे नाव पाहून कोणाला नवल वाटले नसेल. विषय पाहून मात्र वाटले असावे. गणेशोत्सव, नाट्यवाचन, कोजागिरी आणि हळदीकुंकू यांवर पन्नास वर्षे पोसलेल्या संस्थेत कॅथलिक धर्मग्रामाच्या कारभारावर बोलावयाचे, हे प्रथमदर्शनी विजोड दिसते खरे. एका स्नेह्यांनी तर आम्हांला विचारलेच, की ‘साहेब, यंदा बदली व्हॅटिकनला झाली की काय?’ बदली झाली होती ती मुंबईला, आणि तीही १९९९ साली. केंद्र सरकारच्या कनिष्ठ अधिकाऱ्यास परवडेल असे घर मुंबईत मिळेना, म्हणून बिऱ्हाड केले ते वसईस, एका मराठी कॅथलिक कुटुंबाच्या वाडीत. तेथे चार वर्षे काढली. त्या चार वर्षांत जे डोळ्यांनी पाहिले आणि पुढे जिज्ञासेने वाचून पडताळले, त्यावर हे व्याख्यान बेतले आहे. धर्मतत्त्वांचा ऊहापोह करण्याचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही. माणसे एकत्र कशी राहतात आणि आपसांत कामे कशी वाटून घेतात, एवढाच आमचा विषय.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात, त्याला वसईची मंडळी ‘धर्मग्राम’ म्हणतात. अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो. आपल्या जबलपूरचा धर्मप्रांत १९५४ साली झाला, वसईचा १९९८ साली, मुंबईपासून वेगळा होऊन. आपल्यापैकी कित्येकांनी सेंट अलॉयशियस शाळेत शिक्षण घेतले असेल. ती शाळा १८६८ पासूनची. शाळा आपण पाहिली, पण तिच्या मागे असलेला धर्मग्राम पाहण्याचा प्रसंग आपल्याला सहसा येत नाही.

धर्मग्राम आणि मंडळ यांत पहिला भेद सभासदत्वाचा आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. मंडळाचा सभासद तो, जो वर्गणी भरतो. धर्मग्राम ही सामान्यतः सीमा आखलेली वस्ती असते. त्या सीमेच्या आत राहणारा प्रत्येक कॅथलिक, तो देवळात येवो वा न येवो, त्या धर्मग्रामाचा असतो. त्याच्यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि वर्गणी थकली म्हणून नाव कमीही होत नाही. यामुळे धर्मगुरूंना व त्यांच्या सहकाऱ्यांना जे आले त्यांची गणती करून थांबता येत नाही. जे आले नाहीत त्यांचीही विचारपूस करावी लागते. आपल्या मंडळाच्या यादीतून सर्वांत आधी कोणती नावे गळतात, हे कार्यवाहांना विचारावे. गुडघे दुखतात म्हणून जिना चढवत नाही, रात्री दिसत नाही म्हणून कार्यक्रमाला येववत नाही, मुले पुण्याला किंवा अमेरिकेत आहेत म्हणून वर्गणी भरण्याचे कोणाच्या ध्यानात राहत नाही, अशांची ती नावे असतात.

आता वसईकडे वळू. १५३४ साली तो प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला, हा इतिहास आपण शाळेत शिकलो. पण किल्ला पडल्यानंतर तेथील ख्रिस्ती शेतकऱ्यांचे काय झाले, हे शाळेत कोणी सांगितले नाही. ते तेथेच राहिले. केळी, पानवेली आणि भातशेती करीत राहिले, घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलीत बोलत राहिले. नंदाखालचे देऊळ १५७३ सालचे. त्याच्या घंटेवर आजही गावाचा दिवस चालतो. या लोकांच्या आडनावांत पोर्तुगीज वळण आहे आणि बोलण्यात अस्सल कोकणपट्टीचे मराठी. मराठीला हे नवे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले, तेही मराठीत. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यात स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली. हुकूम निघाला, तरी भाषा टिकली.

एका मुद्द्यापाशी मात्र थांबले पाहिजे. पूर्वी देवळातील मुख्य उपासना, ज्याला मिस्सा म्हणतात, ती लॅटिनमध्ये होई. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून म्हणत आणि लोक ऐकत किंवा मनात जपमाळ ओढीत. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनमध्ये जी धर्मपरिषद भरली, तिने लोकभाषेला दार उघडले. वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. भाषा बदलताच कामे वाढली, आणि कामे वाढताच माणसे लागली. लॅटिन एकटा धर्मगुरू निभावून नेत असे. मराठी वाचावयाला वाचक हवेत, गावयाला गायनवृंद हवा, मुलांना शिकवावयाला शिक्षक हवेत. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी वाचक आणि वेदीसेवक या जुन्या पदव्या धर्मगुरुपदाच्या शिडीवरून उतरवून सामान्य पुरुषांना खुल्या केल्या. स्त्रिया प्रत्यक्षात ही कामे पुष्कळ वर्षे करीतच होत्या. अधिकृत पद मिळावयाला मात्र त्यांना २०२१ साल उजाडावे लागले. सरकारी कचेरीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांला याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. काम आधी आणि पदाची मंजुरी मागाहून, हा क्रम आमच्या ओळखीचा आहे.

वाचकांची तयारी आम्ही जवळून पाहिली. आमच्या घरमालकांची मुलगी दहावीत होती. घरी बोली, शाळेत इंग्रजी माध्यम. पण रविवारी देवळात वाचन करण्याची पाळी आली, की ती आठवड्यात दोनदा आमच्या ओसरीवर येऊन तो उतारा मोठ्याने वाची आणि विचारी, ‘काका, इथे थांबायचं का?’ सहाशे माणसांपुढे शुद्ध, ठाशीव मराठी वाचावयाचे, या जबाबदारीने तिचे मराठी जसे घडले, तसे कोणत्याही शिकवणीने घडले नसते. आपल्या येथे मुलांच्या मराठीची काळजी सर्वांनाच आहे. आपण त्यांच्यासाठी वर्ग काढतो, स्पर्धा ठेवतो. पण ज्यावाचून कार्यक्रम अडेल असे मराठीतले काम आपण त्यांच्याकडे क्वचितच सोपवितो. निवेदन नेहमी तेच दोन गृहस्थ करतात, आणि त्यांतील एक आज अध्यक्षस्थानी आहेत म्हणून अधिक बोलत नाही.

दुसरे काम आजाऱ्यांकडे जाण्याचे. मिस्सेतील प्रसाद आजारी माणसांना घरी नेऊन देण्याचा अधिकार १९७३ पासून नेमलेल्या सामान्य स्त्री-पुरुषांनाही मिळाला. आमच्या घरमालकीणबाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दर रविवारी सकाळी मिस्सा आटोपली, की बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ सायकलवरून येत. खाटेशेजारच्या स्टुलावर पांढरे कापड, त्यावर पेटविलेली मेणबत्ती, आणि त्यांच्या खिशातील लहानशी धातूची डबी. प्रार्थनेला पाचसात मिनिटे लागत. त्यानंतर ते खुर्ची ओढून बसत आणि आजींना आठवड्याची बातमी सांगत: कोणाच्या घरी बारसे झाले, कोणाची केळी वाऱ्याने पडली, आज प्रवचनात धर्मगुरू काय म्हणाले. आजी प्रश्न विचारीत, कधी त्यांना दरडावीतही. ‘गेल्या खेपेला तू घाईत होतास,’ असे त्यांनी एकदा सुनावलेले आम्ही ऐकले आहे. त्या गृहस्थांकडे अशी पाच घरे होती. इतर घरे इतरांकडे. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली गेले तरी आमच्या पाहण्यात त्यांचा एकही रविवार चुकला नाही.

याच जातीचे पण अधिक जुने कार्य व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काही मित्रांसह तिची स्थापना केली. आज अनेक धर्मग्रामांत तिची शाखा असते. तिची पद्धत आम्हांला फार शहाणपणाची वाटली. गरजू घराला भेट द्यावयाची ती दोघांनी मिळून. जे पाहिले ते बाहेर बोलावयाचे नाही. मदतीपेक्षा भेटीला महत्त्व द्यावयाचे. आपल्याकडे मदत करताना छायाचित्र काढण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याशी ताडून पाहावे.

वस्तीनिहाय शेजारसमूह हे तिसरे अंग. पंधरावीस घरांचा एक समूह, पाळीपाळीने एकेका घरी बैठक, थोडे बायबलवाचन आणि पुष्कळशी विचारपूस. कोणाच्या मुलाला नोकरी हवी, कोणाच्या घरी अबोला आहे, हे सारे तेथे कळते. कधी अधिकच कळते, हा त्याचा दोषही म्हणावा लागेल. तरुणांचे गट, महिला मंडळे, मरियेच्या भक्तीचे संघ वगैरे इतर अंगे आहेत, त्यांचा तपशील सांगत बसत नाही.

हे सारे सोन्यासारखे चालते, असा समज करून देण्याची आमची इच्छा नाही. धर्मग्रामाच्या पैशावर देखरेख ठेवणारी आर्थिक समिती १९८३ च्या धर्मसंहितेने सक्तीची केली, हे उत्तम झाले. पण जी पालकीय परिषद सर्व कामांचा विचार करते, तिचे मत केवळ सल्ल्यापुरते आहे. अखेरचा शब्द धर्मगुरूचा. तो उत्साही असला तर सारे गट बहरतात. काही वर्षांनी त्याची बदली झाली आणि नव्याला रस नसला, तर तेच गट कोमेजतात. भेटीगाठींचे काम बहुतांशी स्त्रिया करतात आणि परिषदेत बोलतात पुरुष. हे चित्रही आपल्याला अनोळखी नसावे.

तथापि माणसे अशी बांधलेली असली, की प्रसंगी त्यांतून मोठे कामही उभे राहते, याला वसईच साक्ष आहे. १९५५ पासून तेथे ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक निघते. १९८३ ते २००७ पर्यंत फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते. मूळचे धार्मिक पत्र त्यांनी साहित्याचे आणि समाजाचे केले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले आणि विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, तेव्हा ‘हरित वसई’च्या चळवळीत ते पुढे उभे राहिले, आणि त्यांच्यामागे ख्रिस्ती व हिंदू शेतकरी मिळून उभे राहिले. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ते पद मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २०२४ साली ते निवर्तले.

आता आपल्या राइट टाउनकडे. आपण येथे निरनिराळ्या वाटांनी आलो; कोणाचे पूर्वज भोसल्यांच्या अमदानीत, कोणाचे रेल्वेबरोबर, कोणाचे तोफगाडी कारखान्यात, कोणी आमच्यासारखे बदलीच्या हुकुमावर. पन्नास वर्षांपूर्वी मंडळ निघाले तेव्हा सभासद तरुण होते. घराघरांत मुले होती आणि प्रश्न होता तो गणपती बसवावयाला जागा मिळण्याचा. आज मोठाली घरे आहेत, पुढे बाग, आत एक किंवा दोन वृद्ध माणसे, आणि फाटकाला कुलूप. गेल्या हिवाळ्यात आपल्यापैकीच एक विधुर गृहस्थ आठ दिवस तापाने घरात पडून होते. वय एक्याऐंशी. दूधवाल्याने पिशव्या तशाच लोंबकळत असलेल्या पाहून शेजारच्या सरदारजींना सांगितले, आणि सरदारजींनी दार उघडवून त्यांना इस्पितळात नेले. ते बरे झाले. त्यांच्या फाटकाच्या पेटीत त्या आठवड्याची वर्तमानपत्रे होती आणि त्यांत सुवर्णमहोत्सवाच्या समारंभाचे आपल्या मंडळाचे निमंत्रणही होते. निमंत्रण पोहोचविणारा फाटकापर्यंत गेला होता. त्याला पेटीत टाकावयाचे काम दिले होते, ते त्याने केले.

यावर उपाय म्हणून आम्ही कार्यकारिणीपुढे एक योजना मांडली आहे. राइट टाउन, नेपियर टाउन आणि गोल बाजार या भागांतील मराठी घरांची यादी करावयाची, ती सभासदत्व न पाहता. सत्तरीच्या पुढील जी माणसे एकटी किंवा दोघेच आहेत, त्यांची निराळी नोंद ठेवावयाची. प्रत्येक घरासाठी दोघेजण. शक्य तेथे एक वडीलधारे आणि एक महाविद्यालयीन मुलगा किंवा मुलगी. रविवारी सकाळी जावयाचे, अर्धा तास बसावयाचे. मुलाने वर्तमानपत्रातले किंवा दिवाळी अंकातले काही वाचून दाखवावयाचे, मराठीतून. पैशाची मदत करावयाची नाही, छायाचित्र काढावयाचे नाही, आणि तेथे ऐकलेले येथे येऊन सांगावयाचे नाही; केवळ डॉक्टर किंवा मुलांना कळविण्याची गरज असेल तेवढेच कार्यवाहांना कळवावयाचे. कार्यकारिणीत एक आक्षेप निघाला, की हे मंडळाच्या घटनेत बसत नाही. आम्ही घटना पुन्हा वाचली. तिच्या दुसऱ्या कलमात ‘महाराष्ट्रीय बांधवांचा परस्पर स्नेह वाढविणे’ असे शब्द आहेत, आणि ते नाटकाच्या कलमाच्या वर आहेत.

सभागृहाच्या दाराशी मेजावर एक वही ठेवली आहे. कार्यवाहांनी तिला तीन रकाने आखले आहेत: घर, जाणारे दोघे, आणि वेळ. पहिल्या रकान्यात आजपर्यंत चौदा नावे आहेत. दुसऱ्या रकान्यात सकाळपर्यंत चारच जोड्या होत्या. चहा त्याच मेजाच्या पलीकडे आहे.