लशीचा भाव आणि साथीची तारीख



लस परवडते का, हे आपण बाटलीवरची किंमत बघून ठरवतो. मी आज तारखेकडे बघा म्हणणार आहे.

एक काल्पनिक हिशेब मांडू. एक लाख माणसांना टोचायचं आहे. लस, सुई, शीतपेटी, परिचारिकेचा पगार धरून माणशी 400 रुपये, म्हणजे चार कोटी. लाट येण्याआधी काम उरकलं आणि 200 जीव वाचले, तर जिवामागे दोन लाख पडले. लाट निम्मी सरल्यावर 100 वाचले, तर चार लाख. ओसरता ओसरता जेमतेम दहा वाचले, तर चाळीस लाख! लस तीच, बिलही तेच. (अर्थशास्त्रज्ञ जिवांऐवजी निरोगी आयुष्याची वर्षं मोजतात. त्यात आजोबा नातवापेक्षा स्वस्त ठरतात. मला ते पटत नाही, पण काहीच न मोजण्यापेक्षा बरं.)

पुण्याचा 2009 चा ऑगस्ट आठवून बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं 11 जूनला स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली होती. 3 ऑगस्टला देशातला त्याचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहं बंद झाली, मास्क मिळेनासे झाले. त्या बंद दुकानांचा, बुडालेल्या रोजांचा खर्च कुठल्याही खात्याच्या वहीत चढत नाही. तो घरोघरी चुकता होतो. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटनं नाकात फवारायची लस बाजारात आणली ती जुलै 2010 मध्ये. 10 ऑगस्टला महासाथ संपल्याची घोषणा झाली. त्या पावसाळ्यातही रुग्ण होते, तेव्हा लस फुकट गेली असं कुणी म्हणू नये. पण आदल्या वर्षीच्या रांगेतल्यांना तिचा काय उपयोग?

मग आधीच भरपूर मागवावी का? फ्रान्सनं मागवली. 9 कोटी 40 लाख डोस. साथ सौम्य निघाली, दहातल्या एकानंही दंड पुढे केला नाही, आणि जानेवारी 2010 मध्ये पाच कोटींची मागणी रद्द करावी लागली. आरोग्यमंत्री रोझलिन बाशलो यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. मी बाईंच्या बाजूचा आहे. मागणी नोंदवायची वेळ आली तेव्हा साथ किती मारणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अग्निशमन दलाचा खर्च आपण विझवलेल्या आगींनी भागून काढत नाही.

अमेरिकेचं 1976 सालचं प्रकरण वेगळं. फोर्ट डिक्स छावणीत काही सैनिकांना स्वाइन फ्लू झाला, अध्यक्ष फोर्ड यांनी सगळ्या देशाला टोचायचं ठरवलं, आणि ऑक्टोबरपासून दोन-अडीच महिन्यांत चार कोटींहून जास्त लोकांनी लस घेतली. साथ आलीच नाही. गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण मात्र दिसू लागले आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबली. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस शोधणारे अल्बर्ट सेबिन त्याआधीच सांगू लागले होते, की लस बनवा, पण साठवून ठेवा. बनवणं आणि टोचणं हे दोन निर्णय आहेत. पहिला घाईनं घ्यावा, दुसरा विषाणू खरंच पसरतोय हे बघून. फोर्ड यांनी दोन्ही एकाच दमात घेतले.

आपल्याकडे कोविडच्या वेळी 2021-22 च्या अर्थसंकल्पात लशीसाठी 35,000 कोटी ठेवले होते. आकडा ऐकून छाती दडपते. देशाचं वर्षाचं उत्पन्न तेव्हा सुमारे दोनशे लाख कोटी होतं. 365 नी भागा: दिवसाला जवळपास 55,000 कोटी. म्हणजे सगळी तरतूद देशाच्या एका दिवसाच्या कमाईहूनही कमी. टाळेबंदी किती दिवस चालली, ते तुम्हीच मोजा.

राहिला प्रश्न लशीच्या कारखान्याचा. साथ नसते त्या वर्षांत तो चालू ठेवायचा, तर फ्लूच्या लशीला दरवर्षी गिऱ्हाईक हवं. आपल्याकडे ती घेणारे थोडे, आणि तोटा सोसून यंत्रं तयार ठेवा असं खाजगी कंपनीला सांगता येत नाही. तो खर्च सरकारनं दरसाल उचलावा, साथ येवो न येवो, असं माझं मत आहे. साथीच्या वर्षी तातडीनं काढलेल्या निविदेपेक्षा तो स्वस्त पडेल.