चुकून आलेला पैसा आणि आपले घर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात हिशेब समितीच्या वतीने झालेले भाषण)



हिशेब समिती बोलायला उभी राहिली की मागच्या रांगेतले लोक प्रसादाच्या ताटांकडे पाहू लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आज जमाखर्च वाचायचा नाही. एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे, आणि त्यावर मंडळाचा एक नियम ठरवून घ्यायचा आहे.

पूर्वी वर्गणी गोळा व्हायची ती पावतीपुस्तकावर. गोलनाक्यापासून बाग अंबरपेठेपर्यंत दारोदार फिरायचे, चहा घ्यायचा, आधी नाव लिहायचे, मग रक्कम. आता मंडपाच्या खांबावर क्यूआर कोड चिकटवला आहे. पैसे आधी येतात आणि नाव मागाहून कळते, कधी कळतही नाही. ५०१ रुपये आणि पुढे दोन शून्ये लिहिताना मधला दशांशाचा टिंब सुटला, तर ५०,१०० होतात. असे पैसे उद्या आपल्या खात्यात आले, तर काय करायचे?

‘परत करायचे, आणखी काय?’ असे सगळेच म्हणतील. आम्हीही तेच म्हणतो. पण कोणाला परत करायचे, कसे, किती दिवसांत आणि कोणीच मागायला आले नाही तर काय, हे विचारले की उत्तरे वेगवेगळी येतात. शिवाय हा प्रश्न मंडळापुरता नाही. पेन्शन, पगार, नातेवाइकांचे पैसे, सरकारी अनुदान, सगळे थेट खात्यात येण्याच्या काळात तो प्रत्येक घराचा आहे.

चुकून आलेला पैसा ठेवून घ्यायचा असला की मन तीन कारणे पुढे करते. पहिले, ‘आम्ही मागितला नव्हता, चूक त्यांची.’ दुसरे, ‘बँकेला किंवा सरकारला एवढ्याने काय फरक पडतो?’ तिसरे कारण सर्वांत गोड आहे: ‘आपण नाही खाणार, देवाच्या पेटीत टाकू.’ या तिन्ही कारणांकडे जरा नीट पाहू.

पहिल्या कारणासाठी आपल्याच हैदराबादची एक गोष्ट आहे. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन दिवसच झाले होते. २० सप्टेंबर १९४८ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या निजाम सरकारच्या खात्यातून दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड आणि नऊ शिलिंग पाकिस्तानचे ब्रिटनमधले उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतूला यांच्या नावावर गेले. त्या बदलीमागे निजामांचे मंत्री मोईन नवाज जंग होते. पुढच्याच आठवड्यात निजामांनी बँकेला कळवले की हे आपल्या संमतीवाचून झाले आहे, पैसे परत करा. ज्यांच्या नावावर पैसे गेले ते सोडायला तयार नव्हते. बँकेने कोणालाच न देता रक्कम अडकवून ठेवली. १९५७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत दावा गेला, पण परकीय राष्ट्रावर खटला चालत नाही या मुद्द्यावर तो थांबला. सातवे निजाम १९६७ मध्ये वारले. पैसा मात्र व्याजाने वाढत राहिला आणि सुमारे साडेतीन कोटी पौंड झाला. २०१३ मध्ये पाकिस्ताननेच बँकेवर दावा लावला, तेव्हा प्रकरण पुन्हा उघडले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला की पैसा भारत सरकार आणि निजामांचे दोन नातू यांचा आहे.

या ७१ वर्षांतून आम्ही घेतो ती गोष्ट एवढीच: पैसा ज्याच्या नावावर आला तो त्याचा मालक होतोच असे नाही. मूळ मालकाचा हक्क तोपर्यंत जिवंत असतो, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो फक्त सांभाळणारा, विश्वस्त. आपल्याकडच्या कायद्याचेही तेच म्हणणे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते की चुकीने कोणाला पैसे किंवा वस्तू दिली गेली असेल, तर घेणाऱ्याने ती परत केली पाहिजे. चूक कोणाची, हे ते कलम विचारत नाही. चूक आहे हे कळूनही पैसे बळकावले, तर प्रकरण फौजदारी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे आपलीशी करण्याला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कैद व दंड सांगितला आहे.

दुसरे कारण, ‘सरकारला काय फरक पडतो?’ याला पैठण तालुक्यातली घटना उत्तर आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात पंधरा लाखांहून अधिक रुपये जमा झाले. निवडणुकीतले पंधरा लाखांचे बोलणे सगळ्यांच्या कानावर होते. त्याला वाटले, पंतप्रधानांनी दिलेला शब्द पाळला. काही महिने वाट पाहून त्याने त्यातले नऊ लाख काढले आणि घर बांधले. मग समजले की तो पैसा त्याच तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या विकासकामांचा होता आणि बँकेच्या चुकीने त्याच्या खात्यात पडला होता. उरलेले पैसे बँकेने परत घेतले. घरात गेलेले नऊ लाख कुठून आणायचे, हा प्रश्न त्याच्या दारात उभा राहिला.

या माणसाला हसू नका. आपल्यापैकी कितीतरी घरांची मुळे मराठवाड्यात आहेत, असा माणूस आपल्या नात्यातही निघेल. त्याने चोरी केली नव्हती. ‘आले ते आपले’ एवढेच मानले होते. पण दुसऱ्या बाजूला एक गाव होते. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचाच नाही, असे आपण समजतो. तो कुठल्यातरी गावच्या नळाचा, गटाराचा, शाळेच्या छपराचा असतो.

आता आपल्या घरांत अधिक घडणारी गोष्ट, आणि ती जरा अवघड आहे. घरातले पेन्शनर वारतात. पहिले तेरा दिवस कोणाला बँक सुचत नाही, ते योग्यच आहे. पण पुढच्या महिन्यातही पेन्शन जमा होते, त्याच्या पुढच्याही. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, तोवर बँकेला कळवले नाही तर तिला कसे समजणार? केंद्र सरकारच्या जुन्या योजनेत साधारणपणे पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के आणि कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के असते. मूळ पगार ६०,००० असेल तर पेन्शन ३०,००० आणि मागे राहिलेल्या आईंचे कुटुंब निवृत्तिवेतन १८,०००. म्हणजे दर महिन्याला १२,००० जास्त जमा होतात, महागाई भत्ता वेगळा. आठ महिन्यांत हे ९६,००० झाले. बँक ती रक्कम वसूल करतेच, आणि तेव्हा ओझे पडते ते आईंच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर. म्हणून आम्ही घरातल्या मुला-सुनांना हात जोडून सांगतो: मृत्यूचा दाखला हाती आला की पहिली प्रत बँकेत द्या. गेलेल्या माणसाच्या कार्डावर पैसे काढू नका. आणि आईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज त्याच दिवशी करा.

इथे कोणी विचारेल, पगारात किंवा पेन्शनमध्ये खात्याच्याच चुकीने वर्षानुवर्षे जास्त मिळाले आणि आपल्याला पत्ताच नव्हता, तर? या बाबतीत न्यायालयांनी माणुसकी दाखवली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम मिळालेले, अशांकडून वसुली करू नये. मात्र २०१६ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की जास्त आले तर परत करीन असे लिहून दिले असेल, तर तो शब्द पाळावा लागेल. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की एक फरक दिसतो. ज्याला ठाऊक नव्हते, ज्याचे घर त्या पैशावर प्रामाणिकपणे चालले, त्याच्याशी कायदा मऊ वागतो. ज्याला ठाऊक होते आणि जो गप्प बसला, त्याच्याशी नाही. म्हणजे आपल्याला कळले त्या दिवसापासून आपली जबाबदारी सुरू होते.

तिसरे कारण, देवाची पेटी. त्यावर आमचे मत कदाचित कोणाला कडक वाटेल. दान स्वतःच्या पैशाचे असते. दुसऱ्याचे पैसे पेटीत टाकून पुण्य आपण घ्यायचे आणि नुकसान त्याने सोसायचे, हा व्यवहार गणपतीसमोर करायला आम्हाला संकोच वाटतो. कदाचित ते ५०,१०० कोणा मुलीच्या कॉलेजची फी असेल, कोणाच्या दवाखान्याचे बिल असेल. त्या माणसाचा शोध न घेता केलेले अन्नदान म्हणजे त्याच्या ताटातले उचलून वाढणे होय.

तर मग परत कसे करायचे? इथे सावध राहावे लागते, कारण प्रामाणिक माणसाच्या प्रामाणिकपणावरच डल्ला मारणारे लोक आहेत. फोन येतो: ‘काका, चुकून तुमच्या नंबरवर पाच हजार गेले, आईला दवाखान्यात नेले आहे, लगेच पाठवा ना.’ पैसे आल्याचा एसएमएसही दिसतो, पण तो बनावट असतो. काकांच्या खात्यात काहीच आलेले नसते, आणि गेलेले मात्र खरे असतात. दुसरा प्रकार याहून वाईट. पैसे खरोखर आलेले असतात, पण ते तिसऱ्याच कोणाला फसवून काढलेले. तुम्ही फोनवाल्याच्या नंबरवर पाठवले, तर मूळ मालकाचे येणे तुमच्याकडे तसेच राहते, आणि तपासात तुमचे खाते गोठते.

म्हणून क्रम असा ठेवा. एक, एसएमएसवर विसंबू नका, पासबुकात किंवा बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहा. दोन, ती रक्कम खर्चू नका, दुसरीकडे वळवू नका. तीन, आपल्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: अमुक तारखेला अमुक रक्कम आली, ती आमची नाही, आलेल्या मार्गानेच परत पाठवण्यास आमची संमती आहे. प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. चार, फोन करणाऱ्याला नम्रपणे सांगा की तुम्ही तुमच्या बँकेत तक्रार करा, आमच्या बँकेला आम्ही कळवले आहे. खरा माणूस हे समजून घेतो. जो घाई करतो, धमकावतो, त्याच्यासाठी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या आजी-आजोबांना रोज एकदा सांगा.

आता मंडळासाठी आमचा प्रस्ताव. क्यूआरवर नेहमीपेक्षा फार मोठी किंवा एकाच माणसाकडून दोनदा आलेली रक्कम दिसली, तर ती वर्गणीत धरायची नाही, ‘अनामत’ म्हणून वेगळी दाखवायची. सात दिवसांत बँकेला लेखी कळवायचे. फलकावर फक्त एवढेच लिहायचे की एक रक्कम चुकून आली आहे, संबंधितांनी भेटावे. आकडा आणि तारीख लिहायची नाही, ती मागणाऱ्याने सांगायची. पटली तरी पैसे रोख द्यायचे नाहीत, बँकेमार्फत मूळ खात्यातच पाठवायचे. कोणी आले नाही तर ती रक्कम पुढच्या वर्षीच्या हिशेबातही अनामतच राहील, मंडप कितीही महाग झाला तरी. पुढची कार्यकारिणी आली तर ती नोंद तिच्याकडे सोपवली जाईल.

यात मंडळाचे दोन पैशांचे नुकसान आहे, हे आम्हाला मान्य आहे. यंदा मूर्ती, मांडव, वाजंत्री, सगळ्याचे भाव चढले आहेत आणि तिजोरीत फार काही नाही. पण या शहरात मराठी माणसांनी ज्या संस्था उभ्या केल्या, १९०७ ची विवेकवर्धिनी घ्या किंवा आपली ग्रंथालये, त्या लोकांनी विश्वासाने दिलेल्या रुपया-दोन रुपयांवर उभ्या राहिल्या. हाली सिक्क्याच्या काळात देणाऱ्याला खात्री होती की आपला पैसा लिहिला जाईल आणि विचारला तर दाखवला जाईल. ती खात्री हेच आपले भांडवल आहे. ५०,१०० रुपयांना ते विकणे फारच स्वस्त होईल.

प्रस्तावाची प्रत दाराशी ठेवली आहे. वाचा, दुरुस्त्या सुचवा आणि अनंत चतुर्दशीच्या आधी होणाऱ्या सभेत हात वर करा, नाहीतर आमच्याशी भांडा. दोन्ही चालेल. फक्त प्रसाद घेऊन गप्प घरी जाऊ नका.

गणपती बाप्पा मोरया!