वेताळाच्या एकवीस पिढ्या आणि आपल्या तीन

मी भिलाईहून बोलतोय. या मालिकेत माझ्याकडून बहुतेकांना सीमेवरच्या गोष्टींची अपेक्षा असते. आजचा विषय मात्र कॉमिक्सचा आहे. कॉमिक्समधल्या पात्रांचे आईवडील कोण, काका-मामा कोण, पूर्वज कोण? विषय पोरकट वाटेल, पण पंधरा मिनिटं ऐका. शेवटी तो तुमच्या-माझ्या घरात येणार आहे.

सुरुवात डोनाल्ड डकपासून करू. १९९० च्या दशकात रविवारी दूरदर्शनवर ‘डकटेल्स’ लागायचं, ते अनेकांना आठवत असेल. म्हातारा कंजूष स्क्रूज, त्याचा भाचा डोनाल्ड आणि तीन खट्याळ पोरं. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, ‘अंकल’. पण आपल्याला ‘अंकल’ ऐकून चैन पडत नाही. काका की मामा? आत्याचा नवरा की मावशीचा? नातं नीट कळल्याशिवाय मराठी माणूस चहाचा कप उचलत नाही.

उत्तर असं आहे. स्क्रूजला दोन बहिणी, माटिल्डा आणि हॉर्टेन्स. हॉर्टेन्सचं लग्न डक घराण्यात झालं आणि तिला जुळी झाली, डोनाल्ड आणि डेला. ती तीन पोरं डेलाची. म्हणजे स्क्रूज हा डोनाल्डचा सख्खा मामा आणि डोनाल्ड त्या पोरांचा मामा. पोरांच्या दृष्टीने स्क्रूज आईचा मामा, म्हणजे मामाआजोबा. सगळा कारभार मामांचाच!

गंमत म्हणजे हे नातं कुणी आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. पोरं चित्रपट्टीत आली १९३७ साली. स्क्रूजला कार्ल बार्क्स या चित्रकाराने १९४७ साली जन्माला घातलं. बार्क्स गोष्टीच्या ओघात कुठे एखादी बहीण, कुठे एखादा पूर्वज सांगून जायचा. पुढे डॉन रोझा नावाच्या चित्रकाराने ते धागे गोळा केले, राहिलेल्या जागा भरल्या आणि १९९३ साली डक घराण्याचा अख्खा वंशवृक्ष काढला. एका बदकाचा!

पण त्या घरात एक गोष्ट नाही. रोजच्या गोष्टींत आईबाप नाहीत. १९७१ साली चिलीमध्ये दोन लेखकांनी डोनाल्ड डकवर टीकेचं पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं : इथे सगळे काका-पुतणे, मामा-भाचे, जन्म देणारं कुणीच नाही.

आता आपल्याकडे या. प्राण यांचा चाचा चौधरी १९७१ चा. चाचा खरा, पण कुणाचा? अख्ख्या मोहल्ल्याचा. घरात बिनी चाची आहे, छज्जू नावाचा भाऊ आहे, आणि मुलाच्या जागी कोण? गुरू ग्रहावरून आलेला साबू. चाचीच्या हातच्या पोळ्या खाऊन तो इथलाच झाला. १९७६ साली आबिद सुरतींनी इंद्रजाल कॉमिक्ससाठी ‘बहादूर’ उभा केला. त्याचा बाप डाकू, पोलिसांच्या हातून मेलेला. आणि पोराला सांभाळलं कुणी? विशाल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने. मग १९८७ चा सुपर कमांडो ध्रुव, अनुपम सिन्हांचा. सर्कशीतल्या कसरतपटूंचा मुलगा. सर्कस जळाली, आईबाप गेले, आणि एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला घरी नेलं. तिथे त्याला बहीणही मिळाली, श्वेता.

असं का? एक कारण धंद्याचं आहे. घरी आई वाट बघत असेल तर नायक रात्री छपरावरून उड्या कसा मारणार? आईबापांना बाजूला केलं की गोष्ट मोकळी होते. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माणूस एकट्याने जगत नाही, म्हणून गोष्ट लगेच त्याला दुसरं घर शोधून देते. रक्ताचं नसेल तर मानलेलं.

आता माझा लाडका वेताळ. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकन वर्तमानपत्रात ‘फँटम’ सुरू केला. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स काढलं, तेव्हा पहिला अंक त्याचाच होता. भिलाईत आम्हाला तो हिंदीत मिळायचा, आणि नागपूरहून येणारे पाहुणे मराठी अंक आणायचे. एकच वेताळ आम्ही दोन भाषांत वाचला.

त्याच्या घराण्याची कथा तुम्हाला ठाऊक असेल. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटलं. एकटा तरुण वाचला, किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन त्याने शपथ घेतली : मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढू. त्याच्यानंतर मुलगा, मग नातू. मुखवटा तोच, अंगठी तीच, शपथ तीच. जंगलातल्या लोकांना वाटतं की हा चारशे वर्षं मेलेलाच नाही. आपण वाचतो तो एकविसावा. कवटीच्या गुहेत पूर्वजांच्या कबरी आहेत आणि प्रत्येकाने लिहून ठेवलेल्या जाडजूड वह्या आहेत. अडचण आली की हा वही उघडतो आणि बाराव्या-तेराव्या पणजोबांनी काय केलं होतं ते वाचतो.

फौजेत गेल्यावर मला हा वेताळ नव्याने कळला. मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण १७६८ साली उभी राहिली. आज बेळगावच्या केंद्रातून तिच्यात गेलेला एकोणीस वर्षांचा जवान त्या इतिहासाबद्दल ‘त्यांनी’ म्हणत नाही, ‘आपण’ म्हणतो. सातारचा असो की चंद्रपूरचा, त्या जुन्या शिपायांशी त्याचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. पण शपथ तीच, निशाण तेच. पलटणीची नोंदवही असते आणि ती पुढच्याला वाचून दाखवली जाते, म्हणून हे टिकतं.

म्हणजे वंश दोन गोष्टींनी चालतो. कुणीतरी तो स्वीकारावा लागतो आणि कुणीतरी तो लिहून ठेवावा लागतो. हर्जेच्या ‘टिनटिन’मध्ये बघा. टिनटिनला आगा ना पिछा, आईबाप सोडा, आडनावसुद्धा नाही. पण त्याचा दोस्त कॅप्टन हॅडॉक याला सतराव्या शतकातला एक पूर्वज आहे, सर फ्रान्सिस. त्याच्या आठवणींची वही आणि तीन छोट्या जहाजांत लपवलेल्या चिठ्ठ्या वारसांपर्यंत पोचतात, म्हणून गोष्ट पुढे सरकते.

आता भिलाई. १९५५ साली रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या भट्टीचं उद्‌घाटन केलं. वडील इथे आले तेव्हा सगळेच बाहेरून आलेले. शेजारी केरळचे, पलीकडे बंगाली, समोर पंजाबी, मागच्या क्वार्टरमध्ये जवळच्याच गावातले छत्तीसगढी. सेक्टरमध्ये आजी-आजोबा दिसायचे ते मे महिन्यात, पाहुणे म्हणून. मग आम्ही काय केलं? चाचा चौधरीच्या मोहल्ल्यासारखं केलं. समोरचे सरदारजी काका झाले, बंगाली बाई मावशी झाल्या. वडील रात्रपाळीला असताना आम्हाला तापात दवाखान्यात नेणारी माणसं हीच. ही नाती कुठल्याही वंशवृक्षात नाहीत, पण खोटी नाहीत.

त्यात एक मात्र घडलं. मानलेले काका-मामा भरपूर मिळाले आणि खरे पूर्वज गावाकडे राहून गेले. श्राद्धात आपण तीन पिढ्यांची नावं घेतो : वडील, आजोबा, पणजोबा. तर्पणात बायकांचीही नावं येतात : आई, आजी, पणजी. आईच्या माहेरचीही येतात. म्हणजे परंपरेने बायकांना जागा दिली होती. पण छापील वंशावळी, जुने कुलवृत्तांत उघडा. मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. लेक बहुधा कुठेतरी गळते, आणि सुनेची ओळख लग्नानंतर बदललेल्या नावाची. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे घराण्यांच्या जुन्या नोंदी असतात. तिथेही सांगायला जातो तो बहुतेक पुरुषच.

वेताळाच्या घराण्यातसुद्धा सतरावा वेताळ आजारी पडला तेव्हा त्याच्या बहिणीने, जूलीने, मुखवटा चढवून काम केलं. तिची गोष्ट आपल्याला माहीत आहे, कारण ती गुहेतल्या वहीत आहे.

माझा नातू बंगळुरूला असतो. त्याला स्क्रूजच्या दोन्ही बहिणींची नावं पाठ आहेत. त्याने मला फोनवर माझ्या आजीचं नाव विचारलं. सासरचं मी सांगितलं. माहेरचं मला ठाऊक नव्हतं, वडिलांच्या कागदांत ते कुठेच नाही. ते सापडलं वर्ध्याला, नव्वदीतल्या आत्याकडे. तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि आजीला पोहता यायचं हेही सांगितलं. हे जगात आता तिला एकटीलाच ठाऊक होतं. आज आम्हा तिघांना आहे.

तेव्हा मंडळी, एवढंच सांगतो. एक शंभर पानी वही आणा. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस पकडा, आणि या दिवाळीच्या आत पकडा. प्रत्येक बाईची दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं. गाव लिहा. दत्तक कोण, कुणी कुणाला सांभाळलं, तेही लाज न बाळगता लिहा. नावापुढे एखादी गोष्ट लिहा, पोहण्यासारखी. आणि शेवटची चार पानं मानलेल्या माणसांसाठी ठेवा. माझ्या वहीत त्या पानावर पहिलं नाव समोरच्या सरदारजींचं आहे.

वही सापडेल अशा जागी ठेवा आणि पोरांना जागा दाखवून ठेवा. जय हिंद.