आधी प्रश्न, मग नोंद
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



दहिसरहून लोकल पकडून आपल्यातले कितीतरी जण ऑफिसात रोज रिपोर्ट काढतात. त्यांना ठाऊक आहे, सॉफ्टवेअर मनाने काही सांगत नाही. आपण जे वेगळं भरलं, तेच ते वेगळं काढून देतं.

सोसायटीचंही तसंच. गच्चीची गळती, पंप, लिफ्ट, ड्रेनेज, सगळी बिलं ‘दुरुस्ती’ या एकाच खात्यात टाकली, तरी बेरीज बरोबर येते, ऑडिटही होतं. पण पंप दुरुस्त करत राहायचा की नवा घ्यायचा, याचं उत्तर टॅलीतून निघत नाही.

म्हणून १ एप्रिलला, पहिली नोंद करण्याआधी, कमिटीने एक कागद घ्यावा. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होते. तिथे सभासद काय विचारतील ते लिहावं. त्याप्रमाणे खाती पाडावीत, नावं वर्षाच्या मध्येच बदलू नयेत. प्रत्येक बिलावर विंग आणि जागा लिहावी.

आपली इमारतही आता पंचविशीची. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यानंतर दर ३ वर्षांनी करायचं असतं. मोठी दुरुस्ती की पुनर्विकास, हा प्रश्न येणारच. तेव्हा कुठली भिंत किती वेळा गळली आणि तिच्यावर किती खर्च झाला, हे कागदावर हवं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं! ती नोंद ऐनवेळी होत नाही, आजपासूनच ठेवावी लागते.