आधी देव दिसला पाहिजे



प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू असताना पडद्यामागे काय चाललेलं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. कुणाचं धोतर सुटलेलं असतं, कुणाचा बाजूबंद सापडत नसतो. आज तुम्ही 'सौभद्र'मधला प्रवेश करताय, म्हणून मी कपड्यांवरच बोलते. त्यातही माझ्या सर्वांत आवडत्या कामावर, म्हणजे विनोदी संगीत नाटकातल्या देवांच्या वेशभूषेवर.

काही वर्षांपूर्वी मुंबईत पाश्चात्त्य गायन शिकणाऱ्या मुलामुलींनी झाक ऑफेनबाखच्या 'ऑर्फियस इन द अंडरवर्ल्ड' या ऑपेरातले प्रवेश बसवले आणि कपडे माझ्याकडे आले. हा ऑपेरा २१ ऑक्टोबर १८५८ रोजी पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाला. ग्रीक पुराणातला ऑर्फियस मेलेल्या बायकोसाठी पाताळात उतरतो. इथे मात्र नवराबायकोचं मुळीच पटत नाही. ती गेली म्हणून हा खूश असतो, आणि 'जनमत' नावाचं एक पात्र दरडावतं म्हणून नाइलाजाने तिला आणायला निघतो. तिकडे ऑलिंपस पर्वतावर देव तेच ते अमृत पिऊन इतके कंटाळलेत, की ते आपल्या राजाविरुद्ध, ज्युपिटरविरुद्ध, बंड करतात आणि शेवटी सगळे मिळून मौज करायला पाताळात जातात. जूल झानँ या बड्या समीक्षकाने त्यावर सडकून टीका केली, तर गर्दी उलट वाढली. पहिल्याच फेरीत २२८ प्रयोग झाले.

आमच्या मुलांचं म्हणणं होतं, की देवांना लांब नाकं लावू, वाकडे मुकुट घालू, पोटाला उशा बांधू. मी हट्टाने नाही म्हटलं. हा ज्युपिटर पुढे काय करतो माहीत आहे? कोंडून ठेवलेल्या युरिडिसीला, म्हणजे ऑर्फियसच्या बायकोला, गाठण्यासाठी माशीचं रूप घेऊन कुलपाच्या भोकातून आत शिरतो आणि भुणभुणत तिच्याबरोबर चक्क द्वंद्वगीत गातो! पहिल्या प्रवेशातच तो विदूषक दिसला, तर त्याची माशी झाल्याचं कुणाला काय वाटणार? म्हणून मी त्याला पायघोळ पांढरा झगा दिला, रुंद सोनेरी काठाचा, खांद्यावरून जड उपरणं, हातात वज्र. तो आला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळलं पाहिजे, हा देवांचा राजा.

त्या माशीने मला झोपू दिलं नाही. पंख ऑर्गंझाचे, कडांना बारीक तार. ते पाठीला शिवले तर गाणारा मान वळवताना अडकायचा, म्हणून आतून पट्ट्यांचा एक सापळा केला, दप्तराच्या पट्ट्यांसारखा, आणि पंख त्यावर बसवले. पट्ट्या छातीवरून घ्यायच्या नाहीत, बगलेखालून घ्यायच्या. गायकाचं माप श्वास सोडलेला असताना घेतलंत तर तान लांबली की शिवण उसवते. पूर्ण श्वास भरायला सांगायचं आणि मग टेप लावायची. मुकुटाचंही तसंच. तो कानावर उतरला की वाद्यं नीट ऐकू येत नाहीत आणि सूर सरकतो. हल्ली भाड्याने मिळणारे मुकुट बहुतेक असेच असतात, याचा मला फार राग येतो.

शेवटी पाताळात ज्युपिटर आधी संथ, दरबारी मिन्युएट नाचतो आणि लगेच तो प्रसिद्ध बेभान नाच सुरू होतो, ज्याच्या चालीवर पुढे कॅनकॅन नाचू लागले. म्हणजे एकाच झग्याने आधी डुलायचं आणि मग गुडघ्यापर्यंत उडायचं. त्यासाठी घेर वाढवला आणि आतलं अस्तर आखूड ठेवलं.

सर्वांत अवघड होतं ते 'जनमत'. डायनाला चंद्रकोर आहे, मर्क्युरीच्या टोपीला पंख आहेत. जनमताला पुराणाने काहीच दिलेलं नाही. १९८५ साली लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराच्या प्रयोगात व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फ यांनी जनमताला तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं रूप दिलं. आम्ही आमच्या जनमताला सोसायटीच्या सेक्रेटरीबाई केलं. इस्त्रीची सुती साडी, गळ्यात साखळीचा चष्मा, काखेत रजिस्टर. देवांच्या गर्दीत ती एकटीच आजची दिसली आणि सगळे देव तिला घाबरले, हे लगेच पटलं.

हे सगळं आपल्याला परकं नाही. कोकणातल्या दशावतारात काळा बुरखा आणि लोंबती लाल जीभ घेऊन संकासुर येतो, मालवणीत बोलून लोकांना पोट धरून हसायला लावतो. पण समोरच्या विष्णूच्या वेशात कसूर नसते. आणि १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'त? अर्जुन संन्यासी होऊन येतो आणि बलराम भक्तिभावाने त्यालाच घरी ठेवून घेतो. आपण हसतो ते बलरामाला तो खरोखर यती वाटतो म्हणून.

तेव्हा अर्जुना, आत ऐकतोयस ना? मघाशी मी तुझी छाटी पाहिली. कोरी करकरीत आहे, घडीच्या रेघासुद्धा दिसतायत. पाणी शिंपड, पिळून झटक आणि अंगावरच वाळू दे. दहा मिनिटं आहेत तुझ्याकडे. आणि कृष्णाचा मुकुट कुणीतरी कानावरून बोटभर वर घ्या, त्याला पद म्हणायचंय. मी इथेच थांबते. प्रवेश झाला की रंगपटात येते, मला सगळ्यांचे कपडे जवळून बघायचेत.