मातीची मूर्ती आणि संगणकावरील शिल्प



खानदेशाला मूर्तिकाम परके नाही. पोळ्याला मातीचे बैल, भाद्रपदात गणपती आणि त्यानंतर कोजागिरीपर्यंत मुलींच्या गाण्यांत रमणारी गुलाबाई, ही सारी मातीचीच रूपे होत. ती पाहत वाढलेल्या मुलांना आज आणखी एका प्रकारच्या मूर्तीची ओढ लागली आहे. ही मूर्ती संगणकाच्या पडद्यावर घडते, सर्व बाजूंनी फिरवून पाहता येते आणि पुढे चित्रपटात किंवा खेळात चालू-बोलू लागते. तिला त्रिमित पात्र असे म्हणतात. हे काम शिकावे कसे, आणि भुसावळसारख्या ठिकाणच्या मुलाला ते साधण्याजोगे आहे काय, हा आजचा विषय आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम आठवण होते ती खानदेशाच्याच एका सुपुत्राची. राम वनजी सुतार यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी झाला. घर कारागिराचे. त्यांच्या हातातील कसब ओळखले ते जोशी गुरुजींनी, आणि त्यांच्याच प्रोत्साहनाने हा तरुण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात पोहोचला. १९५३ साली तेथे त्यांना मेयो सुवर्णपदक मिळाले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या सेवेत असताना अजिंठा व वेरूळ येथील भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचे काम त्यांनी काही वर्षे केले. दुसऱ्याने दीड हजार वर्षांपूर्वी घडविलेला खांदा पूर्ववत करावयाचा, तर तो खांदा मुळात कसा वळला असेल हे जाणावे लागते. याहून चांगली शाळा शिल्पकाराला क्वचितच मिळेल. गांधीसागर धरणाजवळील ४५ फूट उंचीचे चंबळेचे शिल्प त्यानंतरचे. तिच्या दोन बालकांच्या रूपाने मध्य प्रदेश व राजस्थान ही राज्ये त्यांनी दाखविली.

आता याच शिल्पकाराच्या हातून माती आणि संगणक यांची गाठ कशी पडली ते पाहावे. नर्मदेकाठच्या सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्यासाठी प्रथम ३ फुटी, नंतर १८ फुटी आणि शेवटी ३० फुटी प्रतिकृती करण्यात आली. ही शेवटची प्रतिकृती पसंत पडल्यावर तिचे त्रिमित स्कॅनिंग झाले. म्हणजे पृष्ठभागावरील प्रत्येक उंचवटा व खळगा मोजून त्याचा संगणकात नकाशा तयार झाला, आणि त्या नकाशावरून बाह्य आवरणाचे कांस्याचे पत्रे ओतले गेले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले. चेहऱ्यावरची सुरकुती ३० फुटी प्रतिकृतीत जशी होती तशीच ती १८२ मीटरच्या पुतळ्यावर उतरली. प्रतिकृतीत ती चुकली असती, तर यंत्राने चूकदेखील इमानाने मोठी केली असती. पत्रे मात्र चीनमधील ओतशाळेत ओतवून घ्यावे लागले. कल्पना आपली आणि ओतकाम परक्याचे, ही गोष्ट कौशल्य शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभर वर्षे ओलांडून, सुतार यांचे निधन झाले.

संगणकावरील शिल्पाची सुरुवातही मातीप्लॅस्टरातूनच झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९७२ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात एड कॅटमल या विद्यार्थ्याने स्वतःच्या डाव्या हाताचा प्लॅस्टरचा ठसा घेतला, त्यावर शाईने सुमारे ३५० त्रिकोण व बहुकोन आखले, प्रत्येक कोपऱ्याचे स्थान मोजले आणि ते आकडे संगणकात भरले. पडद्यावर हात उमटला आणि बोटे मिटू लागली. बहुकोनांचे हे जाळेच आजही त्रिमित पात्राचा पाया आहे.

या जाळ्याला मेश म्हणतात. बिंदू, बिंदूंना जोडणाऱ्या रेषा आणि रेषांनी वेढलेले छोटे चौकोन, एवढीच त्याची सामग्री. शिल्पकार प्रथम एखादा गोळा घेतो आणि पडद्यावरील बोटाने तो दाबतो, ओढतो, घासतो. या अवस्थेत चौकोनांची संख्या लाखांवर जाते, त्यामुळे त्वचेची छिद्रेसुद्धा दाखविता येतात. पण इतके जड पात्र हलविणे संगणकाला पेलत नाही. म्हणून त्याच आकारावर दुसरे, विरळ जाळे अंथरावे लागते. खरी परीक्षा येथे आहे. डोळ्यांभोवती व ओठांभोवती जाळ्याच्या ओळी वर्तुळाकार फिरल्या पाहिजेत, कारण तेथील स्नायूही तसेच फिरतात. कोपरापाशी निदान तीन ओळी हव्यात, नाहीतर हात वाकविताच कोपर चिमटल्यासारखा दिसतो. त्यानंतर पात्राची त्वचा सपाट उलगडून तिच्यावर रंग चढवितात. शिंपी सदऱ्याची शिवण उसवून कापड पाटावर पसरतो तसाच हा प्रकार, आणि शिवण कोठे उसवावी हे कळण्यातच त्याचेही कसब असते. शेवटी आत सांगाडा बसतो व पात्र चालते.

शिकणारा पुष्कळदा येथेच फसतो. संगणकात अर्धा चेहरा घडविला की उरलेला अर्धा आपोआप तयार होतो, आणि मुलगा हरखून जातो. पण कोणाही माणसाच्या चेहऱ्याचे दोन्ही भाग तंतोतंत सारखे नसतात. म्हणून असा चेहरा देखणा असला तरी निर्जीव वाटतो. दुसरा मोह बारकाव्यांचा. कवटीचा आकार बसण्यापूर्वीच भुवयांचे केस कोरले जातात. मोठे आकार आधी, मधले नंतर आणि बारीक शेवटी, हा मूर्तिकाराचा क्रम पडद्यावरही बदलत नाही. शिवाय पडद्यावरच्या चिखलाला वजन नसते. खरी माती हातात घेतली, की डोके मानेवर का टिकत नाही, पाय बारीक झाला की मूर्ती का कलते, हे कोणी न सांगता कळते.

म्हणून नवशिक्याने पहिले तीन महिने मातीत घालवावेत, असे सुचवावेसे वाटते. लिंबाएवढा गोळा, मग कवटी, मग कान. कानासारखा कठीण अवयव दुसरा नाही, आणि तो पाहण्यासाठी शेजारच्या बाकावरचा मित्र पुरतो. पोळ्याचे बैल करणाऱ्या कुंभाराला एक दिवस शाळेत बोलावणे ग्रामपंचायतीला अवघड नाही, मातीही गावचीच. सहल अजिंठ्याला जाणार असेल तर सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची सुमारे ७ मीटर लांबीची बुद्धमूर्ती केवळ पाहून परतू नये. पहुडलेल्या देहाचा भार कसा दाखविला आहे, पातळ वस्त्रातून अंगाची ठेवण कशी कळते, याची रेखाटने वहीत करून आणावीत.

संगणकाचा खर्च हा पालकांच्या काळजीचा विषय असतो. त्यातील एक भाग तरी हलका झाला आहे. ब्लेंडर ही आज्ञावली विनामूल्य मिळते. २००२ साली तिच्या चाहत्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून ती सर्वांसाठी मुक्त करून घेतली. आपल्याकडील सार्वजनिक कामाची आठवण व्हावी, असा हा प्रसंग. लॅटव्हिया या छोट्या देशातील ‘फ्लो’ हा चित्रपट याच ब्लेंडरवर झाला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. तेव्हा महागड्या आज्ञावलीशिवाय काम होत नाही, या जाहिरातीतील वाक्यावर पालकांनी विश्वास ठेवू नये. मोठी फी भरण्यापूर्वी मुलाने केलेली दहा कामे जाणकाराला दाखवावीत, आणि संस्थेत शरीररचना शिकवितात की नुसती बटणे, हे विचारून घ्यावे.

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्य-परिणाम व गेमिंग या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्याचा लाभ मुंबई-पुण्याच्या पलीकडे पोहोचावयाचा, तर जोशी गुरुजींसारखी नजर असलेला शिक्षक गावोगावी हवा. लिहिलेल्या वाक्यावरून क्षणात पुतळा उभा करणारी यंत्रेही आता आली आहेत. त्यांच्यामुळे सामान्य काम करणाऱ्यांची गरज कमी होईल, हे मुलांपासून लपवू नये. यंत्राने दिलेल्या हाताचा अंगठा चुकीच्या जागी फुटला आहे हे ओळखणारा मात्र लागेलच, आणि त्याने कधीतरी खरा अंगठा मातीत घडविलेला असला पाहिजे.

एक व्यावहारिक सूचना. भुसावळच्या चैत्र-वैशाखात ओली माती दुपारपर्यंत तडकते. म्हणून अर्धवट मूर्तीवर भिजवलेले गोणपाट टाकून वर प्लॅस्टिक बांधावे आणि सकाळी लवकर कामाला बसावे. संगणकावर तडा जात नाही, पण वीज जाते. दर अर्ध्या तासाने काम नव्या नावाने साठवावे. जुने पुसू नये, कारण कालचा चेहरा आजच्यापेक्षा चांगला होता असे पुष्कळदा आढळते.