जपानीच्या वाटेवर मराठीची शिदोरी

विश्रांतवाडीहून रानडे इन्स्टिट्यूटमधील वर्गाला रोज जाणे प्रत्येकाला जमत नाही. महाजालावर साधने विपुल आहेत. निवड मात्र डोळसपणे व्हावी. रोमन लिपीत रेंगाळणारे साधन प्रथम दूर ठेवावे. हिरागानाचा अ, इ, उ, ए, ओ, पुढे क, स, त, न हा क्रम बौद्ध भिक्षूंनी अभ्यासलेल्या संस्कृत वर्णमालेवरूनच आला आहे. क्रियापदही मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. ‘त्सु’ तर आपल्या ‘चमचा’तील ‘च’चा शेजारीच! मग इंग्रजी उच्चारांचा वळसा कशाला?

एन-५ परीक्षेत श्रवणाचा भाग असतो. म्हणून ध्वनिफितींवाचूनचे साधन अपुरे. जपान फाउंडेशनच्या ‘इरोदोरी’चे धडे ध्वनिफितींसह विनामूल्य मिळतात. आरंभ तेथून करावा, टिपणे मराठीत काढावीत आणि कांजी वहीतच गिरवावी.